अमेरिकन विद्यापीठांचीं साहाय्यपत्रें

मार्च महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया वगैरे नामांकित विद्यापीठें आपल्या प्रवेशाचे निकाल बहुधा एकाच सायंकाळीं जाहीर करतात. ज्या घरांतील मुलाला अगर मुलीला होकार येतो, त्या घरांत त्या रात्रीं कोणालाच झोप येत नाहीं. पेढे वाटले जातात, मामा-मावश्यांना निरोप जातात. पण प्रवेशपत्राच्या पाठोपाठ, कधीं त्याच घटकेस तर कधीं एक-दोन दिवसांनीं, दुसरें एक पत्र येतें. विद्यापीठ त्या कुटुंबास किती आर्थिक साहाय्य देणार याचा मजकूर त्यांत असतो. प्रवेशपत्र घरांतील सर्वजण वाचतात. हें दुसरें पत्र नीट वाचणारे थोडे. आज मी बोलणार आहें तें या दुसऱ्या पत्राविषयीं, आणि अशीं दोन-तीन पत्रें एकदम हातीं आलीं असतां तीं एकमेकांशीं ताडून कशीं पहावीं याविषयीं.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं. परंतु तीस-पस्तीस वर्षें शाळेंत अंकगणित शिकविलें, आणि या पत्रांत अंकगणितापलीकडचें असें फार थोडें आहे. माझे विद्यार्थी आज ठाण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले आहेत व त्यांचीं मुलें आतां कॉलेजच्या वयाचीं झालीं आहेत. त्यामुळें एप्रिल महिन्यांत असलीं पत्रें माझ्या टेबलावर येऊं लागलीं. ज्यांच्या घरीं हा प्रश्न आहे त्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसावें. पुढें थोडी बेरीज-वजाबाकी करावी लागणार आहे.

प्रथम खर्चाचा आंकडा. हार्वर्डमध्यें २०२४-२५ या वर्षाचें शिक्षणशुल्क ५६,५५० डॉलर होतें. इतर फी, वसतिगृहांतील खोली आणि भोजन मिळवून एकंदर रक्कम ८२,८६६ डॉलर होत असे. पुस्तकें, जाण्यायेण्याचें भाडें, आजारपणाचा विमा, हिंवाळ्याचे कपडे हें सारें त्याखेरीज. हा आंकडा ऐकून पुष्कळ पालक तेथेंच विषय सोडून देतात. परंतु ही छापील किंमत आहे. प्रत्येक कुटुंब ती देतें असें नाहीं. हार्वर्डनेंच मार्च २०२५ मध्यें असें जाहीर केलें कीं, ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न एक लक्ष डॉलर किंवा त्याहून कमी आहे व मालमत्ताहि बेताचीच आहे, त्याच्याकडून कांहींहि घेतलें जाणार नाहीं, आणि दोन लक्षांपर्यंतच्या कुटुंबास शिक्षणशुल्क पडणार नाहीं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनेंहि दोन लक्षांची तीच मर्यादा २०२५ च्या शरदापासून शिक्षणशुल्कापुरती लागू केली. म्हणून छापील किमतीकडे पाहून निर्णय करणें जितकें अविचाराचें, तितकेंच साहाय्याचा मोठा आंकडा पाहून हर्षभरित होणेंहि अविचाराचें.

येथें आपल्याकडील एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण शिष्यवृत्ती म्हटली कीं गुणांची पावती समजतों. एका विद्यापीठानें पन्नास हजार दिले व दुसऱ्यानें चाळीस, तर पहिल्याला आपली मुलगी अधिक हवी आहे असें आई-बापांस वाटतें, आणि मुलीसहि वाटतें. आयव्ही लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ विद्यापीठांत अशी गुणांची शिष्यवृत्ती मुळींच नाहीं. तेथें साहाय्य गरज पाहून दिलें जातें. ड्यूक, व्हँडरबिल्ट यांसारख्या कांहीं विद्यापीठांत गुणांवर दिल्या जाणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत; पण त्या मोजक्या. तेव्हां दोन आंकड्यांतील फरक हा बहुधा मुलीच्या किमतीचा नसून आपल्या घरादाराच्या हिशेबाचा असतो. दोन कारकुनांनीं तेंच घर दोन रीतींनीं मोजलें, एवढाच त्याचा अर्थ.

मग दोन रीती कां, असें कोणी विचारील. याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो ठाऊक असल्यावांचून एप्रिलमधील ही धांदल समजत नाहीं.

एके काळीं पत्रें ताडून पाहण्याची गरजच नव्हती. १९५८ पासून हीं आठ आयव्ही विद्यापीठें व मॅसॅच्युसेट्सची ती इन्स्टिट्यूट यांचे अधिकारी दर वसंतऋतूंत एकत्र बसत. जो विद्यार्थी त्यांपैकीं एकाहून अधिक ठिकाणीं निवडला गेला असेल त्याचें नांव काढीत, आणि त्याच्या कुटुंबानें किती द्यावें याचा एकच आंकडा ठरवीत. मुलानें येलला जावें कीं प्रिन्स्टनला, हें त्यानें तेथील शिक्षण पाहून ठरवावें, पैशाकडे पाहून नव्हे, असें त्यांचें म्हणणें. शिवाय हुषार मुलांसाठीं लिलाव सुरू झाला तर गरिबांकरितां ठेवलेला पैसा त्यांत उडून जाईल, अशीहि त्यांची भीति होती. अमेरिकन सरकारच्या न्यायखात्यास हें पटलें नाहीं. व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन भाव ठरविणें हा तेथें गुन्हा. विद्यापीठांनीं तेंच केलें तर तो परोपकार कसा? १९९१ मध्यें खटला दाखल झाला. आठहि विद्यापीठांनीं यापुढें असें करणार नाहीं म्हणून लिहून दिलें. इन्स्टिट्यूट मात्र लढली. १९९२ मध्यें ती हरली, १९९३ मध्यें वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरवून प्रकरण फेरविचारासाठीं परत धाडलें, आणि वर्षाअखेर तडजोड झाली. पुढें १९९४ च्या कायद्यानें मर्यादित सवलत मिळाली. कोणत्याहि एका विद्यार्थ्याच्या रकमेची चर्चा करावयाची नाहीं. पण गरज न पाहतां, म्हणजे घरची सांपत्तिक स्थिति न विचारतां, प्रवेश देणाऱ्या संस्थांनीं गरज मोजण्याचें सूत्र एकत्र ठरविण्यास हरकत नाहीं, असें त्याचें स्वरूप होतें. ती सवलत सप्टेंबर २०२२ मध्यें संपली. त्याच वर्षाच्या जानेवारींत, या समाईक सूत्रामुळें आम्हांस साहाय्य कमी मिळालें, अशी फिर्याद कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं केली. तींत येल, ब्राउन, कोलंबिया, ड्यूक आदि कित्येक विद्यापीठांनीं दोष मान्य न करतां रक्कम देऊन तडजोड केली.

या वादांत मला दोन्ही बाजूंचें थोडें थोडें पटतें. परंतु एक गोष्ट खरी कीं, पूर्वीं जी तुलना नऊ संस्थांचे जाणते अधिकारी समोरासमोर बसून करीत, ती आतां एका कुटुंबाला, स्वयंपाकघरांतील टेबलावर, आयुष्यांत एकदांच, तीस दिवसांच्या आंत करावी लागते.

त्यांत पत्रांची भाषा अशी कीं विचारूं नये. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयानें २०२२ च्या अखेरीस एक अहवाल प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याच्या कुटुंबास प्रत्यक्ष किती खर्च येणार, ही निव्वळ रक्कम सुमारें ९१ टक्के महाविद्यालयें आपल्या पत्रांत एक तर देत नाहींत किंवा कमी करून दाखवितात, असा त्यांत अंदाज आहे. त्याआधीं २०१८ मध्यें यूअस्पायर व न्यू अमेरिका या दोन संस्थांनीं हजारों पत्रें तपासलीं. एकाच प्रकारच्या सरकारी कर्जास निरनिराळ्या महाविद्यालयांनीं १३६ नांवें दिलेलीं आढळलीं, आणि त्यांपैकीं २४ नांवांत 'कर्ज' हा शब्दच नव्हता!

आपल्याकडील जुनी रीत यापेक्षां सरळ होती. जमशेटजी टाटांनीं १८९२ मध्यें परदेशच्या शिक्षणासाठीं जो निधि स्थापिला, तो आपल्या देण्यास 'लोन स्कॉलरशिप' म्हणतो. घेणाऱ्यास पहिल्या शब्दापासून ठाऊक कीं, हें फेडावयाचें आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१३ मध्यें भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठासाठीं दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें, अशी शिष्यवृत्ती दिली, आणि शिक्षणानंतर दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. रक्कम, मुदत आणि अट, तिन्ही कागदावर. त्या मुदतीचें महत्त्व केवढें, तें पुढें दिसलेंच. वाढवून मिळालेली मुदतहि संपली तेव्हां १९१७ मध्यें लंडनचा अभ्यास अर्धा टाकून डॉ. आंबेडकरांना परतावें लागलें, आणि तो पुरा करण्यासाठीं १९२० मध्यें पुन्हां जावें लागलें.

आतां पेन्सिल घ्यावी. माझा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें न्यू जर्सींत आहे. त्याच्या मुलीस दोन ठिकाणीं प्रवेश मिळाला व दोन्ही पत्रें त्यानें मला पाठविलीं. संस्थांचीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. आंकडेहि सोपे करून सांगतों. पहिल्या पत्रांत खर्च ८६,००० डॉलर व साहाय्य ७०,००० डॉलर, बाकी १६,०००. दुसऱ्यांत खर्च ८४,००० व साहाय्य ६०,०००, बाकी २४,०००. पहिल्याचें नांवहि मोठें. घरांत निर्णय झाल्यासारखाच होता.

मीं त्याला वहीच्या पानावर उभ्या रेघा मारावयास सांगितल्या. पहिल्या रकान्यांत एकंदर खर्च. त्यांत विद्यापीठाच्या बिलांत येणारा व न येणारा, दोन्ही. दुसऱ्यांत, जी रक्कम कधींच परत द्यावयाची नाहीं ती, जिला तिकडे ग्रँट किंवा स्कॉलरशिप म्हणतात. तिसऱ्यांत मुलीनें काम करून मिळवावयाचा पगार. चौथ्यांत कर्ज, मग तें कोणत्याहि नांवानें येवो.

रकाने भरूं लागल्यावर पहिल्या पत्राचे ७०,००० सुटे झाले. त्यांत परत न द्यावयाचे ५२,००० होते. ३,००० हा मुलीनें ग्रंथालयांत अगर भोजनगृहांत काम करून मिळवावयाचा पगार होता. ५,५०० हें तिच्या नांवचें सरकारी कर्ज. पहिल्या वर्षाला तिच्यासारख्या विद्यार्थ्यास तेवढीच मर्यादा आहे. आणि उरलेले ९,५०० हें तिच्या आई-बापांनीं आपल्या नांवें काढावयाचें कर्ज! बापानें स्वतः काढावयाच्या कर्जास विद्यापीठानें केलेलें साहाय्य कसें म्हणावयाचें, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. (अमेरिकेंतील २०२५ च्या कायद्यानें अशा पालक-कर्जास १ जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० व एका मुलामागें एकंदर ६५,००० डॉलर अशी मर्यादा घातली आहे.) शिवाय या पत्रांतील खर्चांत पुस्तकें, विमा व प्रवास धरलेलाच नव्हता, तो ४,००० धरून खर्च ९०,००० झाला. दुसऱ्या पत्रांत हा सर्व खर्च आधींच धरलेला होता, आणि साहाय्याच्या ६०,००० पैकीं ५७,००० परत न द्यावयाचे व ३,००० कामाचे होते. कर्ज नाहीं.

आतां वजाबाकी. पहिल्या ठिकाणीं ९०,००० वजा ५२,०००, म्हणजे ३८,०००. दुसऱ्या ठिकाणीं ८४,००० वजा ५७,०००, म्हणजे २७,०००. पत्रांप्रमाणें पहिलें ८,००० डॉलरांनीं स्वस्त होतें. वहीप्रमाणें तें ११,००० डॉलरांनीं महाग ठरलें. चार वर्षांचा फरक ४४,००० डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरल्यास ३७ लक्ष ४० हजार रुपये.

कामाचा पगार मीं वजा केला नाहीं याचें कारण असें कीं, तो बिलांतून वळता होत नाहीं. काम शोधावें लागतें, करावें लागतें, आणि मग पंधरवड्यानें अगर महिन्यानें तो मुलीच्या हातीं येतो. शुल्काचा हप्ता त्याआधींच भरावा लागतो.

वर सांगितलेलीं सरकारी कर्जें व अनुदानें अमेरिकन नागरिकांस व तेथें कायम रहिवासाचा परवाना असलेल्यांस मिळतात. पुण्यामुंबईहून जाणाऱ्या विद्यार्थ्यास तीं नाहींत. त्याला जें मिळेल तें विद्यापीठाच्या स्वतःच्या निधींतून. आणि येथें एक भेद लक्षांत ठेवावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, मॅसॅच्युसेट्सची इन्स्टिट्यूट, अॅमहर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ व बोडन, यांसारख्या थोड्या संस्था परदेशच्या विद्यार्थ्याचीहि सांपत्तिक स्थिति न पाहतां प्रवेश ठरवितात. इतर बहुतेक ठिकाणीं साहाय्य मागणें हें प्रवेशाच्या विचारांत धरलें जातें. म्हणून कांहीं पालक अर्जांत साहाय्य नको असें लिहितात, आणि प्रवेश मिळाल्यावर मागूं असा बेत करतात. कित्येक महाविद्यालयें परदेशी विद्यार्थ्याची अशी मागाहून आलेली मागणी चारहि वर्षें ऐकत नाहींत. तो बेत करण्यापूर्वीं त्या त्या ठिकाणचा नियम वाचावा.

दुसरी गोष्ट रुपयाची. कुटुंबानें द्यावयाचा हिस्सा डॉलरांत ठरतो, आणि आपली मिळकत रुपयांत असते. २०१४ च्या अखेरीस डॉलरला सुमारें ६३ रुपये पडत. २०२४ च्या अखेरीस ८५ च्या वर पडूं लागले. म्हणजे तेच दहा हजार डॉलर सहा लक्ष तीस हजारांवरून साडेआठ लक्षांच्या वर गेले. चार वर्षांचा हिशेब आजच्या भावानें मांडून चालत नाहीं. वहींत थोडी जागा याकरितां सोडावी.

तिसरी गोष्ट घराची. दादर, पार्ले, डेक्कन या भागांत वडिलोपार्जित घर असलेला, पण पगारावर जगणारा मनुष्य कागदावर कोट्यधीश दिसतो. हार्वर्ड राहत्या घराची किंमत हिशेबांत धरीत नाहीं. २००७ मध्यें त्यानें तसें जाहीर केलें. दुसरीं पुष्कळ महाविद्यालयें ती धरतात, कोणी पूर्ण तर कोणी उत्पन्नाच्या कांहीं पटीपर्यंत. दोन पत्रांत मोठी तफावत दिसली तर प्रथम या कलमाकडे पहावें. वरच्या मंडळींच्या बाबतींतहि हेंच. सांगलीस राहणाऱ्या वृद्ध आई-वडिलांच्या औषधपाण्यास व विधवा बहिणीच्या घरास दरमहा किती पाठवितों, यासाठीं अमेरिकन अर्जांत वेगळा रकाना सहसा नसतो. तेथील रीतींत मुलगा वेगळा झाला कीं वेगळा. परंतु विशेष परिस्थिति लिहिण्यास जागा असते. ती आपले लोक संकोचानें कोरी सोडतात. तेथें स्पष्ट लिहावें, व पैसे पाठविल्याच्या पावत्या जोडाव्या.

पत्र आल्यावरहि विनंती करतां येते. हें भाजीबाजारांतील घासाघीस समजूं नये, आणि भीकहि समजूं नये. तिकडे तो रीतसर मार्ग आहे. नोकरी सुटली, आजारपण आलें, किंवा जुन्या वर्षाचें उत्पन्न अपवादात्मक होतें, तर तें पुराव्यानिशीं कळवावें. दुसऱ्या तोलामोलाच्या विद्यापीठाचें पत्र अधिक उदार असेल तर त्याची प्रत जोडावी. कॉर्नेलनें तर २०१० मध्यें जाहीरच केलें होतें कीं, इतर आयव्ही विद्यापीठांनीं पालकांचा हिस्सा कमी ठरविला असल्यास आपण त्याची बरोबरी करूं. दोन परिच्छेदांचें पत्र पुरे. मुलीची स्तुति त्यांत नको. ती प्रवेशमंडळानें वाचलेली असते.

न्यू जर्सीच्या त्या विद्यार्थ्यानें असेंच पत्र लिहिलें. पहिल्या विद्यापीठानें परत न द्यावयाची रक्कम ५,००० नीं वाढविली. फरक वर्षाला ६,००० वर आला. चार वर्षांचे २४,०००. मुलीचा ओढा पहिल्याकडेच होता. बाप पन्नाशी उलटलेला, घराचें कर्ज अजून फिटावयाचें. त्यानें मुलीला समोर बसवून ती वही दाखविली. तिनें विचारलें, यांतील माझें किती व तुमचें किती? दोघांनीं रात्रीं उशिरापर्यंत हिशेब केला, आणि पहिलेंच विद्यापीठ कायम केलें. माझें मत विचारतां मीं दुसरें सांगितलें असतें. पण मला विचारलें गेलें नाहीं, आणि तें योग्यच झालें.

कांहीं किरकोळ पण उपयोगी गोष्टी. जीं मुलें नोव्हेंबरमध्यें एकाच विद्यापीठाशीं बांधून घेणारा अर्ज करतात, त्यांस एकच पत्र येतें. ताडून पाहण्यास दुसरें नसतें. साहाय्य खरोखरच न पुरेसें असेल तर त्या बंधनांतून मुक्तता मागतां येते, एवढीच सोय. ज्यांना पत्रें ताडणें अगत्याचें आहे त्यांनीं हा मार्ग धरूं नये.

पत्र एका वर्षाचें असतें, शिक्षण चार वर्षांचें. शुल्क दरसाल वाढतें. गुणांची शिष्यवृत्ती असेल तर ती टिकविण्यास किती गुण लागतात, तें पत्रांतच पहावें. थोरला भाऊ कॉलेजांत आहे म्हणून साहाय्य वाढलें असेल तर तो पदवीधर होतांच तें घटेल. सरकारी सूत्रांत तर २०२४-२५ पासून एकाच वेळीं किती मुलें कॉलेजांत आहेत याचा विचार काढूनच टाकला आहे. कित्येक खासगी विद्यापीठें आपल्या निधीपुरता तो अजून करतात. आणि बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यास विद्यापीठ ती आपल्या देण्यांतून कापतें कीं कामाच्या व कर्जाच्या रकान्यांतून, हेंहि आधींच विचारून ठेवावें.

उत्तर देण्याची तारीख बहुतेक ठिकाणीं १ मे असते. २०२४ मध्यें सरकारी अर्जाचा नवा नमुना वेळेवर तयार न झाल्यानें पुष्कळ महाविद्यालयांनीं ती पुढें ढकलली होती. एरवीं ती टळत नाहीं. विनंतीचें पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत गेलें तरच त्याचें उत्तर त्या तारखेच्या आंत येतें. एका ठिकाणीं होकार कळविला कीं, त्याच दिवशीं इतरांस नकार कळवावा. त्या जागेची वाट पाहणारें दुसरें कोणी प्रतीक्षायादींत असतें. नाकारलेलीं पत्रेंहि फाडूं नयेत. पुढील वर्षाचा साहाय्याचा अर्ज हिंवाळ्यांतच भरावयाचा असतो, आणि त्या वेळीं घर, पगार व सांगलीचे पैसे गेल्या सालीं कोणत्या रकान्यांत मांडले होते हें त्या कागदांवरूनच पहावें लागतें.